कपिलवस्तूच्या महाराजांचा शेवटचा अंक

सदर इसमाचे नाव रामाजी दुर्गे. राहणार बेला, जिल्हा आदिलाबाद. हुद्दे दोन : एरवी तहसील कचेरीत दफ्तर सांभाळणे, आणि बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी कपिलवस्तूचे महाराज शुद्धोदन. अंगावरील खूण : मिशा, स्वतःच्या. वारस : एक, सिद्धार्थ, दरवर्षी दुसऱ्या अंकात घर सोडून जाणारा.

विहाराच्या आवारात दरवर्षी होणाऱ्या संगीत नाटकात रामाजींना राजाचं काम मिळालं ते कचेरीच्या पुण्याईवर. समोर माणसं उभी असताना आपण निवांत बसून राहणं गावात दुसऱ्या कोणाला इतकं जमत नाही. गळाही बरा आहे. अडचण एवढीच, की महाराजांचं एकुलतं एक गाणं शेवटच्या अंकात आहे, आणि शेवटचा अंक आजवर कोणी पाहिलेला नाही.

कारण साधं आहे. तिसऱ्या अंकात सुजाता खीर आणते, पिंपळाखाली सिद्धार्थाला ज्ञान होतं, मागचा बल्ब लागतो आणि पुढच्या ओळीतल्या रेणुकाबाई हात जोडून उभ्या राहतात. त्या उभ्या राहिल्या की गाव उभं राहतं. त्रिसरण होतं, पंचशील होतं, आणि आता उभेच आहोत तर म्हणून समारोपाची गाथाही होऊन जाते. म्हटलेली गाथा परत घेता येत नाही. कार्यक्रम संपला असं धरून लोक वाट्या घेऊन विहारामागं खिरीच्या रांगेत लागतात. इकडे स्टेजवर चौथा अंक सुरू होतो. बुद्ध झालेला मुलगा भिक्षापात्र घेऊन बापाच्या नगरात आलेला आहे, आणि बाप गाण्यातून त्याला विचारतो आहे, राजाच्या लेकाला हे शोभतं का? ज्ञान झाल्यावरच्या बुद्धाचं काम माणसानं करायचं नाही, असा विहाराचा दंडक. म्हणून रामाजी एका रिकाम्या पाटाला विचारतात आणि 'आमच्या वंशाची हीच रीत' हे बुद्धाचं उत्तर पडद्यामागून प्रितम देतो, जो तिसऱ्या अंकापर्यंत सिद्धार्थ असतो. श्रोते म्हणजे रामाजींच्या पत्नी ताराबाई, कारण सतरंज्या त्यांना गोळा करायच्या असतात.

यंदा नाटक बसवायला घेतलं पुतणीनं, वृषालीनं. ती शाळेत टीचर. नको ते खोडून टाकायची हाताला सवय.

"मोठेबाबा, चौथा अंक काढून राह्यली मी."

"काऊन?"

"कोणी पाह्यतच नाही तर. तुमाले दुसरं काम देते ना. सुजाताच्या गाईचं काम खाली आहे."

"गाईले गाणं आहे?"

"हंबरणं आहे."

त्या रात्री रामाजी जेवले नाहीत. म्हणजे दोनच भाकरी खाल्ल्या.

"खीर मागून वाढा म्हणा औंदा," ते ताराबाईंना म्हणाले.

"तुमच्या गाण्यापायी सुजाताची खीर थंडी करता का? सारं बेला तिकडं वाटी धरून उभं राह्यते, अन् तुमी इकडं पाटाले इचारून राह्यले, बापा, वाटी काऊन धरली!"

तिसऱ्या भाकरीकडं निघालेला रामाजींचा हात वाटेतच थांबला.

दुसऱ्या दिवशी ते वृषालीच्या शाळेच्या फाटकात उभे. "मी गाय होत नाही. स्टेज हालव."

"कुठं?"

"खिरीपाशी. भिक्षापात्रं तिथं तयार आहेत. लोकंबी."

वृषालीनं हातातल्या लाल पेनाला टोपण लावलं. "बरं. पण पळी तुमच्या हातात राह्यली पाह्यजे. पळी चालू झाली की गाणं गेलं."

पौर्णिमेला रेणुकाबाईंनी शिरस्त्याप्रमाणे गाथा संपवली. गाव विहारामागं गेलं, तर खिरीच्या पातेल्यामागं मुकुट. नाटकाला साथ करणाऱ्या मोतीरामनं पेटी जळणाच्या ढिगावर टेकवून सूर धरला.

"महाराज, आधी वाढा, मंग गा!" मागून कोणी तरी ओरडलं.

महाराजांनी पळी वर धरली आणि पहिलं कडवं घेतलं. रांग पाहून घाई करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. कचेरी अशी कामी आली. दुसऱ्या कडव्याला मागची कुजबुज थांबली. शेवटच्या ओळीवर, लेका, तुझ्या हाती हे पात्र का, इथं ते रांगेतल्या वाट्यांकडं पाहत होते. तालमीत ते पाटाकडं पाहायचे. प्रितम उत्तर द्यायला भिंतीआड उभा होता, पण त्यानं तोंड उघडायच्या आत रांगेत पहिल्या असलेल्या रेणुकाबाईंनी वाटी पुढं केली.

"आमच्या घरची हेच रीत आहे, महाराज. वाढा."

कोणी हसलं नाही. रामाजींनी वाकून त्यांची वाटी भरली, मग पुढची, मग तिच्या पुढची. मुकुट काढायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही.

चौथा अंक कायम करण्यात आला असून, पुढील आदेश होईपर्यंत तो खिरीपाशीच व्हावा, असे ठरले आहे. महाराजांना खीर उरली नव्हती.