समुद्राची गाय

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. नवऱ्याच्या दोह्यातल्या ऑफिसमधल्या एका कतारी सहकाऱ्याने आम्हाला त्याच्या आईच्या गावी बोलावलं. अल खोरच्याही पुढे, डांबरी रस्ता संपल्यावर बराच वेळ वाळूतून गाडी हाकायची. किनाऱ्यावर मोजकी घरं. पिढ्यान्पिढ्या मासे आणि मोत्यांवर जगलेली माणसं. "आमच्या बायकांचे फोटो नकोत, बाकी घर तुमचंच," असं तो आधीच म्हणाला होता, म्हणून कॅमेरा मी दोह्यालाच ठेवला.

पुरुष बाहेरच्या बैठकीत बसले. मला आत नेलं. त्याच्या म्हाताऱ्या आईच्या चेहऱ्यावर तिथल्या बायका घालतात तो कडक, चकाकता मुखवटा. दिसत होते फक्त डोळे. कॉफी पिऊन झाल्यावर तिनेच विचारलं, "बंबई?"

मी दचकलेच. "नासिक. बंबई के पास."

"मेरा आदमी बंबई जाता था. मोती बेचने." त्याच्याकडून शिकलेली ती हिंदी तिने अजून जपली होती. मग ती उठली, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "चलो."

ओहोटी लागली होती. ती, तिची सून आणि मी गुडघाभर पाण्यातून चालत राहिलो. माझी साडी भिजून जड झाली. एकाएकी म्हातारीने हात वर केला. "चुप."

समोर, जिथे पाणी गडद होत होतं, तिथे कुणीतरी श्वास सोडला. माणसासारखा, लांब. मग दुसरीकडे, तिसरीकडे. करड्या, गुळगुळीत पाठी वर येत होत्या, बुडत होत्या. जिकडे बघावं तिकडे पाठीच. एका मोठ्या पाठीला चिकटून एक इवलीशी होती. नकळत माझे हात जोडले गेले.

"समुंदर की गाय," म्हातारी कुजबुजली. "घास खाती है."

"आप लोग इसको..." मला पुढे विचारवेना. तिला कळलं.

"खाया. मोती का धंदा खलास, घर में कुछ नहीं. तब खाया." ती पाण्याकडेच बघत होती. "इसने हमारा बच्चा बचाया."

माझ्या घरात गायीला पहिला घास निघायचा. तरी त्या क्षणी तिचं बोलणं मला जराही खुपलं नाही. ते पिल्लू आईच्या पाठीआडून पुन्हा वर आलं, फुस्सकन श्वास टाकून गेलं. आम्ही तिघी एकमेकींना धरून उभ्या होतो.

भरती लागून पाणी मांड्यांपर्यंत चढलं तेव्हा सून किनाऱ्याकडे वळत हलकेच म्हणाली, "यल्ला." म्हातारी मात्र आणखी थोडा वेळ तिथेच थांबली, आणि तिच्यासोबत मीही.