जैतूकाकाचं खळं

जैतूकाकाच्या खळ्यावर ऑइलचा एक थेंब दाखवा आणि बक्षीस मिळवा, असं मी खर्डी स्टेशनाबाहेर सगळ्यांना सांगायचो. वीस वर्षं त्यानं आमच्या पाड्यापासून खर्डीपर्यंत जीप चालवली, आणि वीस वर्षांत एकदाही ती ऑइल बदलायला गॅरेजवाल्याकडे दिली नाही. पण जीप उभी राहायची घरापुढच्या खळ्यावर. तिथंच शेणानं सारवून भात वाळत घालायचं. पहिल्याच वर्षी सांडलेल्या ऑइलनं पायलीभर भात नासलं, तेव्हा त्याच्या बायकोनं, बारकीकाकूनं, दोन दिवस अबोला धरला. त्यानंतर हा माणूस सुधारला तो इतका, की बघणाऱ्याला वैताग यावा.

आधी इंजिन पाच मिनिटं चालवून ऑइल पातळ करायचं. खाली घमेलं, घमेल्याभोवती भाताच्या तुसाचा जाड थर. फिल्टरवर प्लास्टिकची पिशवी चढवून तो पिशवीतल्या पिशवीतच सोडवायचा. मग फिल्टर बसतो त्या कडेवरून बोट फिरवायचं, कारण जुन्या फिल्टरचं रबर कधीकधी तिथंच चिकटून राहतं. नवा फिल्टर आवळायचा तोही हातानंच.

“पान्याला काय कळतं?” तो म्हणायचा. “बोटाला कळतं.”

जळकं ऑइल डब्यात भरून ठेवायचा. खांबांना वाळवी लागू नये म्हणून पाड्यातले लोक ते मागून न्यायचे.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी त्याच्या ओट्यावर चहा पीत बसलो होतो. अर्ध्या खळ्यावर भात वाळत होतं. काकानं सगळं रीतीनं केलं, खाली थेंब नाही. मी चिडवलं, “काकू, बक्षीस आता काकालाच दे.” काका हसत जीपमध्ये चढला, इंजिन चालू केलं आणि एक्सलेटर दाबला.

फिल्टरच्या बाजूनं नव्या ऑइलची चिळकांडी उडाली ती थेट भातावर.

“काका, बंद कर!” मी ओरडलो. त्यानं बंद केलं, पण तोवर निम्मं भात भिजलं होतं.

काका उतरला, नव्या फिल्टरला हात घातला आणि सोडवला. आत दोन रबरं होती, जुन्यावर नवं. घट्ट बसणार कुठून?

“बोट फिरवलं ना तुमी?” काकूनं विचारलं.

“फिरवलं.”

“मग?”

काकूनं कुंपणाचा करवंदीचा काटा मोडला, त्याचा हात धरला आणि बोटाला टोचला. रक्त आलं. काका तिच्या तोंडाकडेच बघत राहिला.

त्याला शुगर आहे हे पाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. बोटं बधिर झाल्याचं मात्र त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. मला त्याची कीव आली आणि रागही आला. माझी मुलगी भूमिका रोज जीपमध्ये त्याच्याच शेजारी बसून शाळेला जाते.

“कधीपासून?” काकूनं विचारलं.

“पावसाआधीपासून.”

“आन पाय?”

“पाय बरं हायत.”

काकूनं खाली बघितलं, म्हणून मीही बघितलं. त्याच्या उजव्या पायात चप्पल नव्हती. ती जीपमध्ये ब्रेकखाली पडली होती. उतरल्यापासून तो एका पायानं अनवाणी उभा होता आणि त्याला पत्ता नव्हता.

काकूनं चप्पल आणून त्याच्या पायात घातली. मग जीपची किल्ली काढली आणि कमरेला खोचली.

“मंग मी करू काय गो?” काकानं विचारलं.

ती खाली बसून चांगलं भात वेगळं करू लागली. मीही तिच्याशेजारी बसलो, कारण त्याच्याकडे बघायचा मला धीर होईना.