सर, आधी नाव पुकारा

सुनंदाताई निकम यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती लाउडस्पीकरवर. मी शाळेत मराठी शिकवणारा मास्तर. आवाज मोठा, म्हणून गणेशोत्सवापासून कुस्तीच्या फडापर्यंत माइक माझ्याच हाती येई. ऐंशीच्या दशकात, आपल्या शहराचे नाव औरंगाबाद होते तेव्हा, दौलताबादच्या रस्त्यालगतच्या एका रानात काही हौशी मंडळींनी मोटोक्रॉसची शर्यत ठेवली. मोटोक्रॉस म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हते. "कच्च्या वाटेवर, चढ-उतारांवरून मोटारसायकली पळवायच्या, तुम्ही फक्त रंगवून सांगा," एवढ्यावर माझी बोळवण झाली होती.

पाहुण्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर धूळ उडू नये म्हणून आयोजकांनी सकाळी टँकर आणून साऱ्या वाटेवर पाणी मारले. आपल्याकडे लग्नाच्या मांडवापुढे मारतात, तसेच. मांडवापुढे मुरूम असतो, हे काळे रान होते, एवढाच काय तो फरक! पहिली फेरी सुटली. दोन-चार गाड्या बांधावरून झोकात उडाल्या आणि पुढच्या वळणावर एकेक करून उभ्याच राहिल्या. मडगार्डात चिखल असा गच्च बसला की चाके फिरेनात. लोक खो खो हसू लागले. प्रमुख पाहुणे खुर्चीखाली चपला शोधू लागले. शर्यत इथेच गुंडाळायची, असे आयोजक वकीलसाहेबांनी मला खुणेने सांगितले.

गर्दीच्या कडेला एक मुलगी आणि तिचे टोपीवाले वडील उभे होते. कॉलेजच्या प्रवेशासाठी दोघे पिशोरहून फटफटीवर निघाले होते, गर्दी पाहून थांबले होते. त्याच आपल्या सुनंदाताई. वडिलांचा, म्हणजे आण्णांचा, हात दुखावल्यापासून शेतातून दुधाचे कॅन ताईच त्या फटफटीवर आणत असत. "पहिली गाडी बांधावरून उडाली ना सर, ती खाली आली, पण माझा जीव वरच राहिला," असे ताई आजही सांगतात.

"आण्णा, आपली काढू का?"

"काढ की. पण पयलं मडगार्ड काढ. मागल्या पावसाळ्यात रानात काय झालतं, इसरली व्हय?"

बापलेकींनी तिथेच पाना काढून दोन्ही मडगार्डे उतरवली. अडकलेल्या एका स्वाराचे हेल्मेट मागून घेतले. मग ओढणी कमरेला खोचून ताई थेट माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"सर, नाव पुकारा. सुनंदा निकम, पिशोर."

"आयोजकांना विचारलं का?"

"त्यांना इचारलं तर नाय म्हणतील. तुम्ही आधी नाव पुकारा, मग इचारू."

मी आण्णांकडे पाहिले. "पुकारा मास्तर," ते म्हणाले, "पोरगी लई हट्टी हाय. नाय पुकारलं तरी जाईलच."

मी पुकारले! मैदानात शिट्ट्यांचा असा गजर झाला की धावत आलेल्या वकीलसाहेबांचे "अहो, बाईमाणसाला कसं..." त्यातच विरून गेले. ताई निघाल्या. वाटेच्या मधला राबडा टाळून कडेच्या गवतावरून त्यांनी गाडी काढली. वळणावर उतरल्या, काडीने चाक खरवडले, पुन्हा बसल्या. बांधावरून त्यांची गाडी उडाली तेव्हा मी माइकवर काय ओरडलो, मला आठवत नाही. शेवटची रेषा ओलांडणाऱ्या त्या एकट्याच. त्या शर्यतीत पहिल्याही त्याच आणि शेवटच्याही त्याच! आण्णांनी टोपी उडवली, पाहुणे पुन्हा खुर्चीत बसले आणि माझा घसा बसला.

पुढे ताई भूगोलाच्या शिक्षिका होऊन आमच्याच शाळेत आल्या. 'मातीचे प्रकार' हा धडा त्या रानात नेऊन शिकवत आणि पोरे उशिरा परतल्याने माझा मराठीचा तास हमखास बुडे. मी कुरकुर केली की म्हणत, "तुमच्या कविता पळून जात नाहीत सर, ओल पळून जाते." दौलताबादच्या अलीकडच्या माळावर त्यांनी हौशी स्वारांची शर्यत सुरू केली. तिच्या दिवशी सकाळी त्या सारी वाट अनवाणी चालतात, मूठभर माती दाबून पाहतात आणि मगच होकार देतात. एका वर्षी मंत्री येऊन बसले होते. मातीने होकार दिला नाही म्हणून ताईंनी त्यांना चहा पाजून परत पाठवले.

त्यांच्या धिटाईचे सारेच कौतुक करतात. मला त्यांची माया अधिक मोठी वाटते. पैठणच्या एका विणकराच्या मुलीने शर्यतीला भावाच्या नावाने नाव दिले होते. ताई तिला रागावल्या नाहीत. एसटीने पैठण गाठले आणि तिच्या आईच्या मागाशेजारी दुपारभर बसून राहिल्या. "माझ्या वेळी आण्णा शेजारी उभे होते. हिच्या शेजारी कोणीतरी नको का?" असे मला म्हणाल्या. शर्यतीला आई आली. लेक बांधावर येईपर्यंत तिने पदर डोळ्यांवर घेतला होता. गाडी रेषेपार झाली आणि त्या माउलीने तोंडात बोटे घालून अशी शिट्टी मारली की पोलीस दचकला. मुलीला मी तिच्या स्वतःच्या नावाने पुकारले.

मध्यंतरी माझ्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि आवाज गेला. मी घरी बसलो, उदास झालो, खोटे कशाला सांगू? शर्यतीसाठी दुसरा निवेदक तयार होता. ताईंनी त्याला नाही म्हटले, मला घरून नेले, माइकपुढे बसवले आणि शाळेची पितळी घंटा हाती दिली. त्या वर्षी प्रत्येक स्वाराचे नाव फळ्यावर लिहून मी घंटा वाजवत होतो. मला पुन्हा माणसांत आणले ते त्या घंटेने. हे ऋण मला फेडायचे नाही, मिरवायचे आहे.

आता ताईंना साठावे वर्ष लागते आहे. आम्ही सभागृह, शाल, श्रीफळ असा बेत केला. ताई म्हणाल्या, सत्कार माळावर करा, नवख्यांच्या शर्यतीत मी उतरणार आहे. डॉक्टर गुडघ्याकडे बोट दाखवून नको म्हणतात, शर्यतीची समिती विम्याचा नियम दाखवून नको म्हणते. परवा सकाळी माझ्या दारात मडगार्ड काढलेली गाडी येऊन उभी राहिली. पाठोपाठ तोच आवाज आला, "सर, माझं नाव पुकारा."

"डॉक्टरांना विचारलं का?" मी हळूहळू परतलेल्या माझ्या घोगऱ्या आवाजात म्हणालो. त्यांनी हसत गाडीला किक मारली.

ताई, गुडघे तुमचे दणकट राहोत, माती तुम्हाला होकार देत राहो, तुम्ही शंभरी गाठा. माझ्या आवाजाला तुमच्याइतके आयुष्य मिळेल की नाही, ठाऊक नाही. म्हणून समितीला, डॉक्टरांना न विचारता या लेखातच आधी पुकारून ठेवतो: सुनंदा निकम, पिशोर!