वहिनीची गृहभेट

आमची वहिनी सरकारी नोकरीत आहे आणि ते ती कुणाला विसरू देत नाही. चोरीमारीत सापडलेल्या लहान वयाच्या मुलांच्या घरी जाऊन चौकशी करायची, मुलाला आईबापाकडे सोडावं की सुधारगृहात ठेवावं याचा अहवाल लिहायचा, हे तिचं काम. बाई सरळ, कष्टाळू, कुणाच्या कपभर चहाची मिंधी नाही. पण वर्षअखेरचा तक्ता तयार झाला की जेवताना माझं डोकं फिरवायची. "बघ, यंदाही तेच. सुधारगृहात गेलेली जवळजवळ सगळी मुलं गरीब वस्तीतली, कामावर जाणाऱ्या आयांची."

मी दिवसभर शिवणाच्या दुकानात मशीन चालवते. माझी पोरगी शाळेतून आली की एकटीच असते. मला मिरच्या झोंबणार नाहीत तर काय! "हो गं बाई, आम्ही राबतो ना, म्हणून पोरं चोर निघतात!" दादा ताट उचलून आत जायचा.

यंदा सुट्टीत दोन पोरांनी मिळून दुकानासमोरची स्कूटर पळवली आणि भिंतीवर नेऊन आदळली. एक दातांच्या डॉक्टरांचा मुलगा, दुसरा हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात काम करणाऱ्या बाईचा. दोघं एकाच वर्गातले, उद्योगही एकच. निकाल लागेपर्यंत दोघंही घरी होते. डॉक्टरांकडे त्यांच्या बायकोने दार उघडलं, मुलाची खोली दाखवली, शिकवणीचे मास्तरही आलेले. अहवाल झकास. धुलाईवालीच्या खोलीला मात्र दोन्ही खेपेला कुलूप.

"घरात लक्ष द्यायला कुणी नाही," संध्याकाळी चहा पिताना वहिनी म्हणाली. "सुधारगृहाचीच शिफारस करावी लागणार. वर्षभर तरी जाईल बिचारा. उद्या अहवाल द्यायचाय."

"गेली होतीस कधी?"

"अकराला. गृहभेटी अकरालाच असतात. दुपारनंतर ऑफिसची गाडी मिळत नाही."

"अगं, अकराला आपल्याही घराला कुलूपच असतं की!"

"ते वेगळं."

"काय वेगळं? सांग ना!"

ती चहाचे कप गोळा करायला लागली. मी चप्पल घातली. "ऊठ. गाडी नको नि काही नको, चालत जाऊ."

खोली एवढीशी, पण लख्ख. आई भाकऱ्या थापत होती आणि पोरगा भिंतीला टेकून पेंगत होता. सकाळी घर बंद का असतं, असं वहिनीने विचारलं.

"त्याला बरोबर नेते, बाई. एकट्याला कसा ठेवू? पुन्हा काही करून बसला तर? माझ्या डोळ्यांसमोर चादरींच्या घड्या घालतो. मुकादम बोलला मला, पण घेतलं ऐकून." मग ती हातातलं पीठ तसंच ठेवून म्हणाली, "नेणार का हो त्याला?"

वहिनीने पाणी मागितलं आणि तिथेच जमिनीवर बसली. त्या रात्री तिने सगळा अहवाल पुन्हा लिहिला. न्यायाधीशबाईंनी दोन्ही पोरांना घरीच राहू दिलं, स्कूटरच्या मालकाची माफी मागायला लावून.

मी खुशीत होते. आता वहिनीला आठवडाभर चिडवायचं, असं ठरवूनच टाकलं होतं. पण ती साहेबांकडे जाऊन भांडली आणि कुलूप पाहून ज्यांना आत पाठवलं होतं, त्या सगळ्यांची फेरचौकशी मागून घेतली. "वन्सं, चला," ती म्हणाली. एरवी ती मला वन्सं फक्त थट्टेत म्हणते. आज थट्टा नव्हती. मीही निघाले.

पहिलंच घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार वाजवलं तशी एक बाई ओले हात पुसत आली. नुकतीच कामावरून परतली असावी. कोर्टात पाहिलेली वहिनी तिने लगेच ओळखली. आमच्या दोघींच्या मागे जिन्याकडे पाहिलं आणि दार सताड उघडलं.

"आणलंत त्याला?" ती म्हणाली, आणि आमच्यामधून वाट काढत जिना उतरू लागली.