पाटी धरलेल्या बाई

कंपनीच्या सामाजिक जबाबदारी खात्याच्या मॅनेजरला इतर खात्यांतले लोक 'पुण्यवान' म्हणत. त्याची आई पाहुण्यांना सांगे, "आमचा मुलगा कंपनीचा दानधर्म बघतो." अकरा वर्षांत त्याने कुणालाच दुरुस्त केलं नव्हतं. दोन्हींतलं एक तरी खरं असेल, अशी त्याला आशा होती.

यंदाच्या वार्षिक अहवालावर कारखान्यामागच्या वस्तीतल्या साक्षरता वर्गाचा फोटो होता. सुरकुतलेला चेहरा, जाड चष्मा, हातात पाटी. खाली ओळ : 'अडुसष्टाव्या वर्षी पहिलं अक्षर!' फोटो इतका जमला होता की त्याचं भलंमोठं बॅनर करून गेटवर लावलं.

सोमवारी फोटोतल्या बाई स्वतःच ऑफिसात आल्या.

"त्या वर्गात मी शिकवते," त्या म्हणाल्या. "त्याआधी चौतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. तुमच्या फोटोवाल्याने हातात पाटी दिली. म्हटलं, धरू या, पाटीच तर आहे."

मॅनेजरने टेबलावरचा अहवाल पालथा घातला. फोटोखालची ती ओळ त्याची होती. वर्गाकडे न फिरकता, नुसता फोटो बघून बैठकीत सुचलेली. टाळ्याही पडल्या होत्या.

"चुकलंच, आजी."

"आजी घरी. वर्गात बाई म्हणतात. म्हणजे म्हणायच्या. तेवीसजणी येत होत्या, आता नऊ येतात. घरचे विचारतात, काल अ-आ-ई शिकलेली बाई तुम्हाला काय डोंबल शिकवणार? वर्ग बंद पडेल हो. ते बॅनर उतरवा आणि एकदा येऊन खरं काय ते सांगा."

"गुरुवारी अध्यक्षांची भेट आहे. ती झाली की लगेच उतरवतो."

"म्हणजे गुरुवारपर्यंत मी अडाणी."

यावर तो चक्क हसला. आपण का हसलो, हे त्याला दोन दिवस छळत राहिलं. बुधवारी संध्याकाळी तो वर्गात गेला. सहाजणी होत्या.

"ऑफिसकडून जरा चूक झाली," तो म्हणाला. "बाई शिकवतात. शिकायला येत नाहीत."

"अशी कशी चूक झाली?" पुढे बसलेल्या भाजीवालीने विचारलं.

अहवालात घालण्यासारखी चारपाच उत्तरं त्याच्या जिभेवर होती. तो म्हणाला, "यांच्याकडे बघून वाटलं, लिहितावाचता येत नसेल."

बाई फळा पुसत होत्या. पुसलेलाच फळा त्यांनी पुन्हा पुसला.

"आम्हाला तर खरंच येत नाही," भाजीवाली म्हणाली. "पण ते तोंडावर लिहिलेलं असतं होय, साहेब?"

"आणि गेटवरचं?" मागून कुणीतरी विचारलं. 'उद्या' हा शब्द ओठांवर आला होता. तो गिळून मॅनेजर तसाच उठला आणि गेटवर गेला.

"उतरवता येणार नाही," रखवालदार म्हणाला. "गुरुवारपर्यंत हात लावायचा नाही, असा तुमचाच हुकूम आहे. लेखी द्या."

त्याने लिहिलं, 'मजकूर खोटा असल्याने बॅनर उतरवावे.'

"खोटा कुणी लिहिला तेही टाका. नाहीतर उद्या माझ्यावर शेकायचं."

त्याने तेही लिहिलं. कारखान्याची पाळी सुटली होती, गेटवर ही गर्दी. रखवालदाराला कागद मोठ्याने वाचायची सवय होती. त्याने दोन्ही ओळी वाचल्या, सही कुणाची तेही वाचलं आणि शिडी आणायला गेला.