लग्नाची वेबसाइट आणि माझी टिपणं

फुकट वस्तूतही घासाघीस करणारा माणूस अमरावतीत एकच असेल, आणि तो मी आहे.

हातगाडीवर कड्या-कोयंडे विकता विकता हार्डवेअरच्या दुकानापर्यंत पोचलो, तो समोरच्याचा पहिला शब्द कधीच न मानल्यामुळे. हरलो एकदाच. माझ्या मुलीच्या, प्राचीच्या, साक्षगंधात अकोल्याच्या व्याह्यांनी हसत हसत लग्न अकोल्यालाच ठरवून टाकलं आणि मी "बरं" म्हणालो. (ते "बरं" अजून घशात अडकलेलं आहे!)

म्हणून लग्नाची वेबसाइट तरी आपण करायची, असं मी जाहीर केलं. प्राची कंप्युटर शिकलेली. तिने तीन सॉफ्टवेअर पुढे ठेवली. साध्या फाइलीत मजकूर लिहायचा, ओळीआधी एखादं चिन्ह टाकायचं, की पान तयार.

"तिन्ही फुकट? मग खोट कुठं आहे?"

"खोट नाही, बाबा. पहिल्यासाठी आणखी दहा गोष्टी टाका लागतात. दुसरं सोपं आहे. तिसरं दिसते झकास, पण त्याची चिन्हं वेगळी."

वांगी दाबून पाहावीत तशी मी तिन्ही दाबून पाहिली आणि दुसरं घेतलं. कारण त्यात ओळीच्या सुरुवातीला दोन तिरप्या रेघा मारल्या, की ती ओळ फाइलीतच राहायची, पाहुण्यांना दिसायची नाही. असा मोकळा कागद मला जन्मात मिळाला नव्हता. कार्यक्रमाच्या प्रत्येक ओळीखाली मी टिपणं लिहीत सुटलो.

"व्याह्यांच्या हाती माइक देऊ नये. जेवणं थंड होतील."

"व्याह्यांच्या मेहुण्याला पहिल्या पंगतीत बसवू नये. दुसरी पंगत उपाशी राहील."

सगळं लिहून झालं आणि मला तिसऱ्या सॉफ्टवेअरची झेंडूची किनार आवडली.

"यातच टाक सगळं," मी म्हणालो.

"चिन्हं वेगळी आहेत, बाबा. एकेक ओळ तपासा लागते. दोन दिवस द्या."

"दोन दिवस कायले? एक दिवस."

"बरं, एक दिवस."

ती इतक्या लवकर उतरली, म्हणजे अजून उतरेल, हे मी ओळखलं. अर्ध्या तासावर सौदा पटला. तपासणं राहून गेलं. पान सुरू होताच मीच अभिमानाने दोन्ही घरांच्या ग्रुपवर पाठवलं.

दहा मिनिटांत व्याह्यांचा फोन.

"इवाईबुवा, वाचून राहिलो. माइकचं समजलं. मेहुण्याचंही समजलं. तो बाजूलेच बसून आहे."

त्या तिसऱ्या सॉफ्टवेअरला तिरप्या रेघांचं काही घेणं-देणं नव्हतं. माझं प्रत्येक टिपण झेंडूच्या किनारीत झळकत होतं!

"सगळा घोळ त्या सॉफ्टवेअरनं..." मी सुरुवात केली.

"सॉफ्टवेअरनं लिहिलं काय ते?" प्राची एवढंच म्हणाली. मग हळूच, "बाबा, मले तो मुलगा आवडला आहे. हे लग्न मोडलं तर?"

पान उतरवून आम्ही गाडी काढली.

अकोल्याला व्याह्यांनी पाणी दिलं, चहा दिला. मेहुण्याने बिस्किटांना हात लावला नाही, तेव्हा मला खरी लाज वाटली.

"लग्न मोडत नाही आमी," व्याही म्हणाले. "पोरीची काय चूक? पण तुमी माफी मांगा. चार पाहुण्यांसमोर."

"दोघांसमोर मागितली तर?"

शपथ घेऊन सांगतो, हे मी बोललो नाही, माझं तोंड बोललं. प्राचीने कपाळाला हात लावला. व्याह्यांनी शांतपणे कप खाली ठेवला आणि आत वळून सगळ्यांना हाक मारली.

शेवटी सात जणांसमोर मागितली. उभ्या आयुष्यात घासाघीस करून भाव वाढवून घेणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहिलं.