पहिल्या आकड्याची साखर

साखर गोड लागते की नाही, याच्याशी काडीचं देणंघेणं नसलेला अख्ख्या सोलापुरात एकच माणूस आहे, आणि तो माझा मावसभाऊ. साखरेला कोण किती घट्ट धरतं, एवढंच त्याला हवं असतं. आपल्या पेशींच्या आवरणावर म्हणे साखरेचे धागे असतात. प्रथिनं येतात, ते धागे धरतात, सोडून देतात. ही धरसोड तो केसाहून कितीतरी बारीक संवेदकावर मोजतो. पकड बसली की पडद्यावरची रेघ वर चढते, तीच पकडीचा आकडा देते, आणि ती चढेपर्यंत हा श्वास घ्यायचा विसरतो. लग्नात लोक आहेर बघतात. हा घड्याळ लावून बघतो, कोण कुणाचा हात किती वेळ धरतं. माझ्या सासऱ्यांना भर मांडवात म्हणाला, "तुमची पकड लवकर सुटते." त्याच्या मनात नक्की काय होतं, हे ते मला अजून विचारतात.

त्याची प्रयोगशाळा भवानी पेठेत, भिंतीला लागून यंत्रमाग. खटखट सुरू झाली की रेघ थरथरायची. शेवटी हा मागवाल्याकडे विनंती घेऊन गेला. "सर, तुमची साखर चिकटंपर्यंत आमी चादरी थांबवायच्या व्हय?" असं तो म्हणाला खरा, पण रोज जेवणाच्या सुट्टीला माग बंद झाले की निरोप धाडायचा, "आता चिकटवून घ्या."

करकंबची मावशी, म्हणजे याची आई, एकाच गोष्टीसाठी झुरत होती. पोराला यश आलं की गावात साखर वाटायची. हा वाटू देईना. "आई, एकदा आलेला आकडा पाहुणा. तीनदा आला तरच घरचा." एकदा यायचा, दुसऱ्या खेपेला रेघ आडवी. अशी वर्षं गेली. मावशीनं अंथरूण धरलं तरी हा रेघेपुढून हलेना. मला त्याचा राग आला, खरंच आला.

अखेर तोच आकडा ओळीनं तीनदा आला. साखरेचा पुडा घेऊन आम्ही दोघं करकंबला गेलो. मावशी पडल्या पडल्या हसली.

"आता कशापायी आनली रं? मी कवाच वाटली की."

"कधी?"

"पयल्या आकड्याला. तुला तीनदा बगावं लागतंय. मला एकदाच पुरं."

तो तिचा हात धरून बसला. घड्याळ त्यानं लावलं नाही.

मावशी आता नाही. तो अजूनही तीनदाच मोजतो. पण पहिला आकडा आला की मला फोन करतो, नुसतं "आलाय" म्हणतो, आणि मी शेजारीपाजारी साखर वाटून येतो.